निसर्गचित्रातील शांतता

आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाची चित्रे पुन्हा पुन्हा काढली. मोने यांनी १८९०-९१ मध्ये शेतातल्या गंज्या रंगविल्या, तेव्हा त्यांचा खरा विषय बदलता प्रकाश हा होता. आबालाल यांचाही तोच. म्हणूनच दृक्‌प्रत्ययवादाशी त्यांचे नाते जोडले जाते. अशा चित्रांना ‘शांत’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ही शांतता कोणाची? १९७२ चा दुष्काळ स्मरणात असलेल्या छत्रपती संभाजीनगर परिसरातील प्रेक्षकाला भरलेला तलाव प्रथम पाणी म्हणून दिसतो, प्रकाश म्हणून नंतर. मग हे चित्र खोटे सांत्वन ठरते काय?

तसे वाटत नाही. दृक्‌प्रत्ययवादी चित्र स्थळाचे स्थायी वर्णन करीत नाही. ते एक क्षण टिपते आणि तो सरणार आहे, हेही सूचित करते. एकाच तलावाची अनेक चित्रे ही त्याचीच साक्ष होय. तळे आटताना ज्याने पाहिले आहे, त्याला ही क्षणिकता समजावून सांगावी लागत नाही. ग्रामीण कवितेतील निसर्गाला सरसकट ‘रम्य’ ठरविणाऱ्या समीक्षेनेही शांततेमागचा हा काळ वाचावयास हवा.