'माय नेबर टोटोरो' : पुनर्दर्शन आणि रसास्वाद

हायाओ मियाझाकी दिग्दर्शित 'माय नेबर टोटोरो' हा जपानी अॅनिमेशनपट १६ एप्रिल १९८८ रोजी इसाओ ताकाहाता यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या चित्रपटाच्या जोडीने प्रदर्शित झाला. 'किनेमा जुन्पो' या नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट जपानी चित्रपट ठरविले. परंतु चित्रपटगृहांतील प्रतिसाद मर्यादितच राहिला. पुढे दूरचित्रवाणीवरून तो वारंवार दाखविला गेला आणि घरोघरी प्रिय झाला. टोटोरो स्टुडिओ घिबलीचे बोधचिन्ह बनला तो त्यानंतर. हे प्रेम निव्वळ सवयीचे, की कलाकृतीत दडलेले काही उत्तरोत्तर हाती लागत गेल्याचे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

प्रथमदर्शनी या चित्रपटाने निराशा होणे अस्वाभाविक नाही. त्यात खलनायक नाही, रूढ अर्थाने संघर्ष नाही. आजारी आईच्या रुग्णालयाजवळ राहता यावे म्हणून सात्सुकी आणि मेई या बहिणी वडिलांसह खेड्यातील जुन्या घरात येतात, एवढेच कथानक. ८६ मिनिटांच्या या चित्रपटात टोटोरोचे पूर्ण दर्शन घडते तेच सुमारे अर्ध्या तासानंतर. तोवर मुली घर झाडतात, जिना शोधतात, धावतात. पहिल्या वेळी प्रेक्षक टोटोरोची वाट पाहत असतो. त्यामुळे हा अर्धा तास त्याला रिकामा वाटतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती प्रतीक्षा उरत नाही आणि दृष्टी सात्सुकीवर स्थिरावते. वडील डबा करायचे विसरले, हे गृहीत धरूनच ती सकाळी सर्वांचे डबे भरते. रुग्णालयात आई तिचे केस विंचरते, त्या क्षणापुरती ती पुन्हा लहान होते. रुग्णालयाची तार येऊन आईचे घरी येणे लांबल्याचे कळल्यावर ती शेजारच्या आजीपुढे हमसून रडते. प्रथम आकस्मिक वाटणारे हे रडणे आरंभीच्या डब्यांपासून साठत आले होते, हे पुनर्दर्शनातच उमगते. मियाझाकी यांच्या बालपणी त्यांच्या आईला मणक्याचा क्षय झाला होता, ही माहिती येथे उपयुक्त खरी. तथापि ती नसतानाही प्रसंग उणा पडत नाही.

बसथांब्याचा सुप्रसिद्ध प्रसंगही असाच उलगडतो. पावसात अडकलेल्या सात्सुकीला कांता आपली मोडकी छत्री, एक शब्दही धड न बोलता, देऊन पळतो. त्याच संध्याकाळी ती वडिलांसाठी आणलेली छत्री डोक्यावर केवळ पान घेतलेल्या टोटोरोला देते. टोटोरो तिला बियांची पुडी देतो. देण्याची ही साखळी कोणीही बोलून दाखवीत नाही. आनंदवर्धनाने ज्याला प्रतीयमान अर्थ म्हटले, त्याचे इतके सहज उदाहरण बालचित्रपटात क्वचित आढळेल. जो हिसाइशी यांचे संगीत येथे मोजकेच आहे. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज त्याहून अधिक बोलतो.

केवळ सवयीने प्रेम जडले असते, तर ते गुबगुबीत टोटोरोभोवतीच घट्ट झाले असते. (खेळण्यांच्या बाजारपेठेने नेमके तेच केले आहे, आणि त्यात चित्रपटाचे थोडे नुकसानही झाले आहे.) येथे मात्र पाहण्याचा केंद्रबिंदूच हलतो. आईचा आजार साध्या सर्दीवर निभावतो, ही उत्तरार्धातील सुटका काहीशी सोयीची आहे, हा आक्षेप पुनर्दर्शनाने पुसला जात नाही. किंबहुना शेवट ठाऊक असूनही मेईच्या शोधातील सात्सुकीची धाव पाहताना जीव टांगणीला लागतो, याचे कारण भय तारेपुरते नव्हतेच.

अखेरीस दोघी बहिणी रुग्णालयाच्या खिडकीबाहेरील झाडावर बसून आईला हसताना पाहतात, पण आत जात नाहीत. पहिल्या वेळी हे खटकते. खिडकीत फक्त मक्याचे कणीस राहते. त्याच्या पानावर ते आईसाठी असल्याचे कोरलेले असते.