मधली अकरा वर्षे : कुमार गंधर्वांच्या बालपणाचे पुनर्वाचन

2008-09 साली झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने अलिबागची मुग्धा वैशंपायन घराघरांत पोहोचवली, आणि त्यानंतर पेणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर पेटी-तबल्याच्या क्लासांना एक वेगळाच रंग चढला. मुलाने सूर बरा धरला की ‘प्रवेशिका’ची परीक्षा केव्हा, याआधी ‘ऑडिशन केव्हा’ हे विचारले जाऊ लागले. मुलांना इतक्या लवकर व्यासपीठावर उभे करावे का, अशी शंका कोणी काढलीच तर एक ठरलेले उत्तर येते : कुमार गंधर्व नाही का सातव्या वर्षी गात होते?

गात होते हे खरे. पण हा दाखला नेमके काय सिद्ध करतो, हे तपासावे लागेल. माझ्या मते आपण कुमारांचे बालपण चुकीचे वाचले आहे, आणि तो दोष पालकांपेक्षा मराठीतल्या संगीतविषयक लेखनाकडे जास्त जातो.

या लेखनात कुमारांचे चरित्र तीन अंकी नाटकासारखे येते. पहिला अंक चमत्काराचा : बेळगावजवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा मुलगा एके दिवशी अचानक गाऊ लागतो आणि एका मठाधिपतींकडून ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळवतो. दुसरा अंक क्षयाचा : देवासची खाट, सक्तीचे मौन, खिडकीबाहेरून ऐकू येणारी माळव्याची लोकगीते. तिसरा अंक पुनर्जन्माचा : नवा आवाज, नवे राग, कबीर. नाटक म्हणून ही रचना चोख आहे. फक्त पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मध्ये 1936 ते 1947 अशी अकरा वर्षे आहेत. बहुतेक लेखांत ती ‘पुढे प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण झाले’ अशा एका वाक्यात उरकतात. पाच वर्षांच्या आजाराला पाने आणि अकरा वर्षांच्या शिक्षणाला ओळ, असा हा हिशेब आहे.

चमत्कारापासूनच सुरुवात करू. वडील सिद्धरामय्या स्वतः गाणारे होते. घरात सूर होता, पण या मुलाला समोर बसवून कोणी शिकवले नव्हते. तो ऐकत होता, आणि एक दिवस ऐकलेले सगळे बाहेर आले. सभेत तो अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, नारायणराव व्यास अशा नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाई. जागा, हरकती, आवाजाचा लगाव, सगळे त्यात येई. घरची भाषा कन्नड, बंदिशी ब्रजभाषेतल्या. म्हणजे शब्दही त्याच्यासाठी आधी नादच होते. वडिलांनी त्याला घेऊन गावोगाव कार्यक्रम सुरू केले. 1935 साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत आणि 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला, तेव्हा समोर त्या काळचे मोठे गवई बसले होते. ज्यांची नक्कल चालली होती त्यांच्या पंगतीतलेच लोक ती ऐकत होते. त्या मैफलींच्या आठवणी सांगणाऱ्यांच्या शब्दांत कौतुकाइतकेच भयही जाणवते.

या नकलेला आपले समीक्षक ‘पूर्वजन्मीचे संचित’ म्हणून हात जोडतात, किंवा ‘ती काय, नक्कलच’ म्हणून बाजूला सारतात. दोन्हींत ऐकण्याचे कष्ट वाचतात. त्या मुलाच्या गळ्यात दहा-बारा वर्षांच्या आत काय साठले होते, ते नीट पाहावे. घराण्यात वाढणाऱ्या मुलाला पहिली कित्येक वर्षे एकच आवाज ऐकायला मिळे, तो गुरूचा. दुसऱ्याचे गाणे ऐकणे हा कित्येक ठिकाणी गुन्हाच असे. या मुलाचा गुरू तबकडी होती, आणि तबकडीला घराणे नसते. एका बाजूला किराण्याचा आर्जवी स्वर, दुसऱ्या बाजूला वझेबुवांची आडदांड पेचदार चाल, तिसरीकडे व्यासांचे स्वच्छ, टोकदार गाणे. गाण्याची एकच योग्य रीत असते, ही समजूत ज्याच्या मनात रुजण्याआधीच मोडली होती असा तो मुलगा होता. पुढे कुमारांनी घराण्यांच्या चौकटीला जो नकार दिला, त्याचे मूळ देवासच्या खाटेवर शोधले जाते. मला ते सुळेभावीच्या ग्रामोफोनजवळ दिसते.

आणखी एक गोष्ट. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात अस्ताई, अंतरा, चार आलाप, दोन ताना आणि रागाचा चेहरा उभा करायचा. मोठ्या गवयांना हे बंधन जाचत असे. या मुलाला मात्र ख्याल पहिल्यांदा भेटला तोच असा आटोपशीर होऊन. प्रौढपणी कुमारांचा जीव बंदिशीत होता. मध्यलयीतली छोटी, घट्ट बंदिश, तिच्या मुखड्यातच रागाचे मर्म, आणि लांबण लावण्याबद्दलची नावड, ही त्यांची ओळख. या आवडीचा त्या तीन मिनिटांशी संबंध आहे, असे मी धरून चालतो. हे माझे अनुमान आहे; पण आजारपणाने एक फुप्फुस निकामी झाले म्हणून ते छोटे गाऊ लागले, या नेहमीच्या खुलाशापेक्षा ते त्यांच्या गाण्याला अधिक मान देणारे आहे.

बालप्रतिभेची जगातली सर्वांत प्रसिद्ध कथा मोत्सार्टची. त्याच्याबाबतीत युरोपीय अभ्यासकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. 27 जानेवारी 1756 रोजी साल्झबर्गला जन्मलेला हा मुलगा, बाप लिओपोल्ट नाणावलेला व्हायोलिनशिक्षक, मोठी बहीण नानर्ल त्याच्याइतकीच तयार वादक. सहाव्या वर्षी राजदरबारांत वादन, 1763 ते 1766 युरोपभर दौरा. जाहिरातींत बापाने पोराचे वय वर्षभर कमीही सांगितले. दौऱ्याचे अर्थशास्त्र सुळेभावीहून फार वेगळे नव्हते. पण लंडनमध्ये 1765 साली डेन्स बॅरिंग्टन नावाच्या चौकस गृहस्थाने या मुलाची परीक्षा घेतली. पूर्वी न पाहिलेली हस्तलिखित संहिता त्याच्यापुढे ठेवली, प्रेमाचे आणि रागाचे गाणे तिथल्या तिथे रचायला सांगितले. मुलाने सगळे केले. मग मांजर आले तेव्हा वाद्य सोडून तो तिच्यामागे गेला, आणि काठीचा घोडा करून खोलीभर पळाला. तेवढ्यावर न थांबता बॅरिंग्टनने साल्झबर्गहून जन्माचा दाखला मागवला आणि मगच अहवाल लिहिला. तो 1770 मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. चमत्कार मान्य करायचा, पण दाखला पाहून, ही वृत्ती मला हेवा वाटण्याजोगी वाटते.

त्याहून महत्त्वाचे पुढचे आहे. अकरा वर्षांच्या मोत्सार्टच्या नावावर 1767 सालचे चार कॉन्चेर्तो होते. दीडशे वर्षे ते त्याचेच मानले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी दाखवून दिले, की ते शोबर्ट, राउपाख, होनाउअर अशा तेव्हाच्या रचनाकारांच्या सोनाटांतले भाग घेऊन त्यांना वाद्यवृंदाची जोड देऊन केले आहेत. हस्तलिखितात बापाचे अक्षर जागोजागी आहे. म्हणजे त्याही मुलाच्या गळ्यात, किंवा बोटांत म्हणा, आधी दुसऱ्यांचे संगीत होते. पूर्णतः स्वतःचा असा त्याचा पहिला पियानो कॉन्चेर्तो 1773 च्या डिसेंबरातला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. हा शोध लागल्याने मोत्सार्ट लहान झाला नाही. ती सहा वर्षे कार्यशाळेची होती एवढे कळले. (नानर्लचे काय झाले, ही वेगळी आणि जास्त कडू गोष्ट आहे. अठरा वर्षांची झाल्यावर तिचे दौरे बंद झाले. तिच्यासाठी कोणी कार्यशाळा चालवली नाही.)

आता आपल्या कार्यशाळेकडे वळू. बाळकृष्ण रघुनाथ देवधर हे मिरजेचे, पं. विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. 1925 मध्ये त्यांनी मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले, ते ऑपेरा हाऊसच्या परिसरात नावारूपाला आले. हे गृहस्थ फार वेगळे होते. स्वतः ख्याल गाणारे, पण पाश्चात्त्य संगीत रीतसर शिकलेले. आवाज कसा तयार होतो याचा अभ्यास करणारे. बंदिशी जमवण्याचा ध्यास असलेले, आणि त्यासाठी कोणत्याही घराण्याच्या दाराशी जाऊन बसायची तयारी असलेले. त्यांचे ‘थोर संगीतकार’ वाचले की लक्षात येते : गवयाचा अहंकार, व्यसने, लहर हे सगळे सहन करून त्याच्याकडचे गाणे टिपून घेणारा असा दुसरा माणूस आपल्याकडे क्वचितच झाला. पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ मासिकाचे संपादन त्यांनी केले. आमच्या किनाऱ्यावरची मुले ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ देतात ती याच मंडळाची.

1936 मध्ये कुमार या शाळेत आला, बारा वर्षांचा होत असताना. कार्यक्रम थांबले नाहीत. चाळिशीच्या दशकात तर तो परिषदांमधले मोठे आकर्षण होता. पण मुक्काम बदलला. दौऱ्यातल्या धर्मशाळांऐवजी शाळा हे घर झाले. तिथे राग म्हणजे काय, हे तो पहिल्यांदा तुकड्यातुकड्यांनी पाहत होता. जे गळ्याला येत होते त्याचे नाव, स्वर, चलन आणि कारण असा तो उलटा प्रवास होता. सामान्य विद्यार्थी नियमाकडून गाण्याकडे जातो, हा मुलगा गाण्याकडून नियमाकडे आला. देवधरांकडे वेगवेगळ्या परंपरांचे गवई येत, त्यांच्या चीजा आणि त्यांचे वाद कानावर पडत. पुढे भेंडीबाजार परंपरेच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही कुमार शिकले. शेवटी ते याच शाळेत शिकवू लागले. त्यांच्या पत्नी भानुमती कंस याच वर्तुळातल्या; 1947 मध्ये दोघांचे लग्न झाले.

देवधरांनी या मुलाला स्वतःसारखे गायला लावले नाही, यात मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी दिसते. हातात असा गळा आलेला दुसरा कोणी असता तर त्याने सातवी नक्कल म्हणून आपलीच भर घातली असती. कुमारांच्या गाण्यात देवधरांचे गाणे शोधून सापडत नाही. समीक्षकांनी ती अकरा वर्षे वगळली त्यामागे हेही कारण असावे. आपल्याकडे गुरूचे मोजमाप ठशावरून होते. वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’ने 1961 मध्ये घराण्यांचे सौंदर्यशास्त्र मांडले, ते पुस्तक मोठेच, पण त्याच्या प्रभावाखाली आपण गायकाला ‘कोणाचा?’ हाच प्रश्न आधी विचारायला शिकलो. ज्या शाळेने ठसा उमटवला नाही, मोकळीक दिली, तिची नोंद करायला या भाषेत रकानाच नाही.

30 जानेवारी 1948 रोजी, गांधीहत्येच्या दिवशी, कुमार देवासला राहायला आले. पुढची कथा सर्वांना पाठ आहे. ती खोटी नाही. पण खाटेवर पडलेले क्षयरोगी त्या काळी हजारो होते आणि माळव्याची गाणी साऱ्या माळव्याच्या कानांवर पडत होती. त्या गाण्यांमधल्या चार-पाच स्वरांच्या धुनेत एक पुरा राग दडलेला आहे, हे ओळखायला आधी राग उलगडून पाहण्याची सवय लागते. ती सवय ऑपेरा हाऊसजवळ लागली होती. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे धूनउगम राग तिथून आले. 1965 मध्ये ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. आपल्या बंदिशी स्वरलिपीसह छापून सर्वांच्या हाती देणे, ही उस्तादी रीत नव्हे. चीज लपवून ठेवणाऱ्या जगात ती छापून टाकणारा रचनाकार हा विष्णू दिगंबर आणि देवधर यांचा वारस आहे. गळ्यावर ठसा नसेल, या कृतीवर आहे. पुस्तक आले तेव्हा कुमार एकेचाळीस वर्षांचे होते. बालगायकाने गायला सुरुवात केल्याला चौतीस वर्षे झाली होती.

नकलेचे शेवटी काय झाले, हे त्यांच्या एका कार्यक्रमात दिसते. प्रौढ वयात त्यांनी बालगंधर्वांची नाट्यपदे गाण्याचा कार्यक्रम केला. नक्कल करायची तर या गळ्याला ते सातव्या वर्षीही अवघड नव्हते, आणि रसिकांतल्या कित्येकांना तेच हवे होते. बालगंधर्वांची लाडिक फेक, ती सैल, तरंगती लय हुबेहूब येत नाही म्हणून काही जुने रसिक नाराजही झाले. कुमारांनी ती पदे त्यांच्यातल्या रागाच्या आणि शब्दांच्या अंगाने पुन्हा उकलली; कुठे थांबायचे, कोणत्या स्वराला भार द्यायचा, हे निर्णय स्वतः घेतले. कार्यक्रमाला नाव दिले होते ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातला ‘मला’ सुळेभावीच्या मुलाकडे नव्हता.