तुरुंगाबाहेरचे पोर आणि आपली समीक्षा

मराठी वाङ्मयात तुरुंगाला मोठी प्रतिष्ठा आहे. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या. म्हणून पांढरपेशा वाचकाला तुरुंग ही तपोभूमी वाटते. साने गुरुजींविषयी मला आदरच आहे. परंतु ज्याचा बाप पाकीटमारीच्या संशयावरून उचलला गेला, त्या पोराने या तपोभूमीचे काय करायचे? त्याला वस्तीबाहेर एकच पदवी मिळते : ‘चोराचं पोर’.

हे पोर लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) स्वतः बोलू लागले. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी ‘दाहक अनुभव’, ‘अनोखे विश्व’, ‘बोलीचा जिवंतपणा’ अशी ठरलेली विशेषणे वाहिली, आणि विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांत त्यांचेच प्रश्न झाले. पुस्तकाचा कणा मात्र निराळा आहे. पोलीस झोपडीत शिरतात, घरच्यांना झोडपतात, माणसे उचलून नेतात. हे पाहिलेले पोर शाळेतही बसते. जमातीचा विरोध पत्करून बापाने त्याला तिथे घातलेले असते. चोरीच्या हिकमती वाचकाला रोचक वाटतात. मागे राहिलेल्यांच्या पोटाचा प्रश्न तो ओलांडून पुढे जातो. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. पोराला शाळेत टिकवायला घरच्या कोणाचा तरी हट्ट लागतो, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

हा इतिहास संपलेला नाही. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ‘सराईत गुन्हेगार’ हा शिक्का त्याच माणसांच्या कपाळी राहिला. तुरुंगातली कामे जातीवर वाटणे घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली सांगावे लागले! २०२२अखेर देशातल्या सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत व्हायचा आहे. त्यांच्या पोरांची शिक्षा सुरू झालेली आहे. मिळवता हात गेला, वकिलासाठी कर्ज झाले, भेटीच्या दिवशी आईची मजुरी आणि पोराची शाळा दोन्ही बुडतात.

२००६च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांपर्यंतचे मूल कैदी आईजवळ राहू शकते असे सांगितले. जन्मनोंदीत जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहू नये, असेही बजावले. कलंक कागदावरून चिकटतो, हे न्यायालयाला उमगले. आमच्या फीमाफीच्या अर्जावर मात्र ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना अजून आहे. कोणी तिथे ‘परगावी’ लिहिले तर मी खोदून विचारत नाही. आईची सही घेतो आणि अर्ज पुढे पाठवतो. भेटीच्या दिवसाची गैरहजेरी धरू नये म्हणून कार्यालयाशी भांडतो. पण वर्गात ‘उचल्या’ शिकवताना समोरच्या बाकावर तेच पोर बसलेले असू शकते, याचा विचार आपली समीक्षा करीत नाही.

यंदा चाचणीत मी भाषाशैलीचा प्रश्न काढून टाकला. विचारले : पोलीस माणूस घेऊन गेल्यावर त्या घरातली चूल कोणी पेटवली? एका विद्यार्थ्याने चार पाने लिहिली. त्यात ‘उचल्या’चा उल्लेख अर्ध्या पानातच संपला होता. त्याला गुण किती द्यायचे, यावर आमच्या विभागात वाद चालू आहे.