सुधाकराला भेटले कोण?

‘एकच प्याला’ मी किती वेळा वाचले असेल, याचा हिशेब नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात बोरीवलीस एका शाळेच्या वर्गात ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची खुली सभा ऐकली, घरी येऊन पुन्हा ते पुस्तक उघडले, आणि त्यातली एक उणीव प्रथमच डोळ्यांत भरली.

गडकऱ्यांनी पिणाऱ्यांना मंडळ दिले आहे. आर्यमदिरामंडळात विनोद आहे, वादविवाद आहेत, तळीरामासारखा हौशी पुढारी आहे. कोर्टातल्या अपमानाने पोळलेल्या सुधाकराच्या हाती पहिला प्याला देतो तो तळीरामच. सोडू पाहणाऱ्याला मात्र मंडळ नाही! रामलाल सज्जन खरा, पण तो समजावणार, सिंधू सोसणार. सुधाकर दारू सोडतो, काम मागत हिंडतो, लोकांच्या तुच्छतेने खचतो आणि पुन्हा पितो. त्याच वाटेने जाऊन परतलेला कोणी त्याच्याशेजारी येऊन बसत नाही. वास्तविक असा माणूस नाटकात आहे. भगीरथ मंडळातून बाहेर पडतो. पण नाटककार त्याला लोकसेवेकडे आणि शरदकडे नेतो, सुधाकराला सावरण्याचे काम त्याच्यावर सोपवीत नाही.

याबद्दल गडकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. जानेवारी १९१९ मध्ये ते गेले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर. आणि अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरदलाल डॉ. बॉब स्मिथ यांना भेटला तो १९३५ साली. धंद्यात अपयश आलेले, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलातल्या बारचा मोह होऊ लागला तेव्हा या गृहस्थाने टेलिफोन करकरून दुसरा दारुडा शोधला. त्याला तारायला नव्हे हो, स्वतः तरायला! सगळी चळवळ या गरजेतून निघाली आहे. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी ‘मुक्तांगण’ काढले, तिथेही व्यसनातून सुटलेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले.

गंमत अशी, की या सभेचे मुख्य सूत्र गडकऱ्यांचेच आहे: धोका पहिल्या प्याल्यात. नाटकात मात्र पहिला प्याला घेतला की दोर कापले गेले, असे सुधाकरच रामलालला पटवून देतो. इथे ‘तो फक्त आज घ्यायचा नाही’ एवढेच म्हणतात. सभेत वर्गणीची सक्ती नाही, आडनाव विचारत नाहीत, उपदेश तर नाहीच. एकेक जण उठतो आणि स्वतःची हकिगत सांगतो. बोलणे अघळपघळ, कधी कंटाळवाणेही. लेखक म्हणून माझा हात कात्रीकडे जात होता. पण समोर बसलेला एक नवखा पोरगा मान खाली घालून शब्द न् शब्द टिपत होता.

गडकऱ्यांनंतर आम्ही कादंबरीकारांनी काय केले? दारुडा आणला की त्याला शेवटच्या प्रकरणात मारला. मीही मारला आहे. तो मृत्यू लिहिताना मला फार समाधान वाटले होते, हे कबूल करतो.

चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले. माझी कादंबरी त्यांनी वाचली होती. चांगली आहे म्हणाले, मग जरा थांबून विचारले, “मास्तर, त्याला कुणीच कसं भेटलं नाही?”

मला लिहिताना कोणी सुचलेच नव्हते. मी त्यांना तसे सांगितले.