परस्थ हास्याकडून आत्मस्थ हास्याकडे : ‘स्टिल क्रेझी’ या चित्रपटाचा विचार

वार्धक्य हा विनोदाचा फार जुना विषय आहे. वय विसरून तारुण्याची हाव धरणारा म्हातारा रंगभूमीवर आला की प्रेक्षक हसतात, हे सर्वच परंपरांत दिसते. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’तील (१८९९) भुजंगनाथ हे मराठीतले त्याचे ठळक उदाहरण. भुजंगनाथाला हसण्यात प्रेक्षकाला संकोच वाटत नाही. कारण त्याच्या हावेपायी एका कोवळ्या मुलीचे आयुष्य पणाला लागलेले असते आणि तेथे हास्य हे सामाजिक न्यायाचे हत्यार ठरते. परंतु ज्याने कोणाचेही नुकसान केलेले नाही, ज्याचा दोष केवळ वय वाढणे एवढाच आहे, अशा माणसाच्या तारुण्यवेडाला हसणे कितपत उचित, हा प्रश्न वेगळा आहे. ब्रायन गिब्सन दिग्दर्शित ‘स्टिल क्रेझी’ (१९९८) हा ब्रिटिश विनोदी चित्रपट या प्रश्नाला सामोरा जातो. त्याचे मोल प्रामुख्याने यातच आहे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : ‘स्ट्रेंज फ्रूट’ नावाचा एक रॉक बँड १९७७ साली विस्बेच येथील संगीत महोत्सवात, भर कार्यक्रमात, फुटतो. वीस वर्षांनंतर त्याच महोत्सवाच्या पुनरुज्जीवनाचे निमित्त होऊन कीबोर्डवादक टोनी जुन्या सहकाऱ्यांना एकत्र आणू पाहतो. मुख्य कार्यक्रमाची पूर्वतयारी म्हणून युरोपातील लहानसहान क्लबांचा दौरा निघतो. तेथे जुनी भांडणे नव्याने उकरली जातात आणि अखेरीस सारे विस्बेचच्या रंगमंचावर उभे राहतात. कथेची ही चौकट अपरिचित नाही. पटकथाकार डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने ही जोडी ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांमुळे ख्यातनाम झालेली, आणि डब्लिनमधील तरुण बँडवरील ‘द कमिटमेंट्स’ (१९९१) या चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा वाटा होता. तेथे बँड जुळण्याची गोष्ट होती, येथे तुटलेला बँड सांधण्याची आहे.

१९७७ या सालाची निवड अर्थपूर्ण आहे. हे वर्ष ब्रिटिश संगीताच्या इतिहासात पंक संगीताच्या उद्रेकाचे वर्ष मानले जाते. लांबलचक वादन, झगमगीत वेष आणि भव्य रंगमंच यांवर उभी असलेली आधीच्या पिढीची रॉक संस्कृती या उद्रेकाने एकाएकी जुनाट ठरवली. त्यामुळे ‘स्ट्रेंज फ्रूट’चे फुटणे वरकरणी आपसांतील भांडणामुळे घडत असले, तरी त्यामागे काळाचे वळणही आहे. या माणसांचे तारुण्य आणि त्यांची कला एकाच वेळी कालबाह्य झाली. विस्बेच हे स्थळही असेच नेमके आहे. केंब्रिजशरच्या सपाट शेतीप्रदेशातील हे बाजारगाव कोणत्याही अर्थाने झगमगाटाचे ठिकाण नव्हे. ज्या गावी अपयश आले त्याच गावी यशाची आस धरून परतावे, यातला उपहास पटकथाकारांनी न बोलता साधला आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाच्या विभावांमध्ये विकृत वेष, विकृत अलंकार, धार्ष्ट्य, लौल्य, असत्प्रलाप इत्यादींचा निर्देश आहे. ‘स्टिल क्रेझी’च्या पूर्वार्धातील विनोद याच सामग्रीतून उभा राहतो. गायक रे सिम्स (बिल नाय) हा मद्य आणि मादक द्रव्यांच्या व्यसनातून कसाबसा बाहेर आलेला, मोठ्या पण परवडेनाशा झालेल्या वाड्यात राहणारा गृहस्थ. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो तरुणपणीचाच वेष चढवतो. केस तेच, तोराही तोच. मात्र त्या वेषातले शरीर बदललेले. टोनी (स्टीफन रे) गळ्यात जिमी हेन्ड्रिक्सचा म्हणून एक दात बाळगतो. त्याची उपजीविका मात्र निरोधच्या यंत्रांवर चालते. बास गिटारवादक लेस (जिमी नेल) घरांची छपरे घालण्याच्या धंद्यात आहे. ड्रमवादक बीनो (टिमथी स्पॉल) रोपवाटिकेत काम करतो, आईच्या आवारातील कॅरव्हॅनमध्ये राहतो आणि करखात्याच्या भीतीने दडत असतो. पूर्वीचे वैभव आणि आजचा व्यवसाय यांतील हे अंतर हास्याला जन्म देते.

याच ठिकाणी भरताने केलेला आत्मस्थ आणि परस्थ हास्याचा भेद उपयोगी पडतो. व्यक्ती स्वतः हसते तेव्हा आत्मस्थ, दुसऱ्यास हसवते तेव्हा परस्थ. चित्रपटाच्या पूर्वार्धातील पात्रे प्रेक्षकाला हसवतात, पण स्वतः हसत नाहीत; आपण हास्यास्पद आहोत याची त्यांना जाणीवच नाही, किंवा असली तरी ती ते दडवतात. उत्तरार्धात ही स्थिती पालटत जाते. आपला आवाज, आपली कंबर, आपली स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे एकेक जण मान्य करतो आणि त्या मान्यतेतून हास्य आतून उमटू लागते. परस्थाकडून आत्मस्थाकडे होणारा हा प्रवास म्हणजेच या चित्रपटाचे आशयसूत्र होय. हास्याच्या भरतप्रणीत सहा प्रकारांच्या भाषेत सांगायचे तर उपहसितापासून सुरू झालेला चित्रपट स्मितापाशी येऊन थांबतो.

या प्रवासात निवेदकाचा वाटा मोठा आहे. बँडचे सामान वाहणारा ह्यूई (बिली कॉनली) ही कथा सांगतो. रंगमंचाच्या कडेला उभा राहणारा, तारा जोडणारा, पेट्या उचलणारा हा माणूस सूत्रधार आणि विदूषक या दोन्ही भूमिका एकत्र निभावतो. विदूषकाप्रमाणेच तो नायकांच्या निकट असून त्यांच्या मोठेपणाने भारावत नाही, आणि त्यांच्याविषयी त्याला जे ठाऊक आहे ते इतरांना ठाऊक नसते. हसण्याचा पहिला अधिकार त्याच्याकडे आहे. पण तो हसतो ते त्या जगाचाच एक घटक म्हणून. परक्याचा तुच्छतेचा सूर त्यामुळे कथनात शिरत नाही.

रॉब रायनर यांच्या ‘धिस इज स्पायनल टॅप’शी (१९८४) तुलना केली असता हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. त्या चित्रपटात अनुबोधपटाचा आव आणून एका काल्पनिक बँडचे विडंबन केले आहे. तेथे गीतेही विडंबनात्मक आहेत, कारण संगीताचा पोकळपणा दाखवणे हाच हेतू आहे. ‘स्टिल क्रेझी’मध्ये माणसे हास्यास्पद आहेत, गीते मात्र गंभीर आहेत. ‘फॉरेनर’ या बँडचे मिक जोन्स यांच्यासारख्या प्रत्यक्ष रॉक संगीतकारांनी ती घडवली; ‘द फ्लेम स्टिल बर्न्स’ या गीताला गोल्डन ग्लोबचे नामांकनही मिळाले. विनोदाचे लक्ष्य कला नसून कलावंताचा अहंकार आहे, हे यातून निश्चित होते.

या विनोदाच्या मुळाशी एक मृत्यू आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बँडचा मूळ गायक कीथ व्यसनापायी मरण पावला. रे हा त्याच्या जागी आलेला, आणि म्हणून लेस व बीनो यांच्या मनात कायमचा उपरा राहिलेला. कीथचा भाऊ, गिटारवादक ब्रायन, मेल्याचे सारे मानतात. प्रत्यक्षात त्याने सर्वसंगपरित्याग करून स्वतःला जगापासून तोडून घेतले आहे. पुनर्मीलन हे केवळ जुन्या मित्रांचे नाही, मृताने रिकामी ठेवलेल्या जागेशी केलेला तो समझोता आहे. म्हणूनच अखेरीस रे गाण्याची जागा लेसला मोकळी करून देतो, त्या क्षणाला महत्त्व येते. वीस वर्षे ज्या जागेसाठी झगडा चालला ती कोणा एकाची नव्हती, हे ओळखणे हीच या पात्रांची प्रौढता होय.

नव्वदच्या दशकातील ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) आणि ‘द फुल माँटी’ (१९९७) या ब्रिटिश चित्रपटांशीही ‘स्टिल क्रेझी’चे नाते आहे. खाणी व पोलादाचे कारखाने बंद पडल्याने खचलेले पुरुष सामूहिक सादरीकरणातून आत्मसन्मान परत मिळवतात, हे त्या चित्रपटांचे सूत्र. तेथे अन्यायाला राजकीय आणि आर्थिक चेहरा आहे. येथे दोष देण्यास कोणीच नाही. प्रतिपक्ष केवळ काळ आहे. त्यामुळे चित्रपटाची सामाजिक धार बोथट होते हे खरे, पण त्याचा अनुभव अधिक सार्वत्रिकही होतो. भारतीय संदर्भात अभिषेक कपूर यांचा मुंबईत घडणारा ‘रॉक ऑन!!’ (२००८) हा हिंदी चित्रपट फुटलेल्या बँडच्या पुनर्मीलनाची कथा सांगतो. मात्र त्यातील मित्र वृद्ध नाहीत, आणि पुनर्मीलनाला भावनिक बळ एका मित्राच्या जीवघेण्या आजारातून मिळते. करुणासाठी तेथे स्वतंत्र प्रसंग योजावा लागतो. ‘स्टिल क्रेझी’त करुण हा हास्याच्याच पोटात आहे.

चित्रपटाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. बँडची जुळवाजुळव करणारी, दौऱ्याचा सारा भार पेलणारी कॅरन (ज्युलिएट ऑब्री) वस्तुतः या कथेची कर्ती आहे. परंतु तिचे अंतरंग प्रामुख्याने टोनी आणि ब्रायन या दोन पुरुषांच्या संदर्भातच उलगडते. तिचेही तारुण्य त्याच वीस वर्षांत सरले, याची दखल चित्रपट पुरेशी घेत नाही. ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे नावही अनुत्तरित राहते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांविषयीचे, बिली हॉलिडे यांनी १९३९ साली ध्वनिमुद्रित केलेले गीत याच नावाचे आहे. ब्रिटिश रॉक ज्या कृष्णवर्णीय संगीतपरंपरेचे ऋणी आहे, तिचे स्मरण हे नाव करून देते. पटकथा मात्र त्या ऋणाकडे वळत नाही. शेवटही काहीसा सोयीस्कर आहे : एका गीतात सारे हिशेब मिटावेत, हे वास्तवापेक्षा इच्छापूर्तीच्या अधिक जवळचे आहे.

तरीही या शेवटाला एक नैतिक आधार आहे. पात्रे तरुण होत नाहीत, श्रीमंत होत नाहीत, काळही उलटा फिरत नाही. हातून निसटलेले पुन्हा मिळाल्याचा भ्रम चित्रपट देत नाही. जे उरले आहे ते एकत्र वाजवता येते, एवढेच तो म्हणतो. भुजंगनाथाच्या हास्यास्पदतेतून प्रेक्षकाला सुटका हवी असते, कारण तेथे हास्यपात्राचा पराभव अटळ व इष्ट असतो. रे, टोनी, लेस आणि बीनो यांना हसता हसता प्रेक्षक त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि त्याच्या ध्यानी येते की आज नाही तर उद्या हे हास्य त्याचेही असणार आहे. विनोद परस्थ न राहता आत्मस्थ होतो तो असा, आणि हे परिवर्तन घडवणे हेच या चित्रपटाचे वाङ्मयीन दृष्ट्याही लक्षणीय असे यश होय.