‘असूनही’ची अडचण

मुस्लिम मराठी लेखकांवरच्या गौरवलेखांत एक शब्द हमखास भेटतो: ‘असूनही’. मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी! डॉ. यू. म. पठाण यांच्या वाट्याला तो फार आला. मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, महानुभाव व संतसाहित्याचे संशोधक, १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २००७ साली पद्मश्री. एवढी यादी दिली की लेख संपतो. त्यांचे पुस्तक उघडायची गरज कुणाला वाटत नाही.

मराठी बखरींतल्या फार्सीवरचा त्यांचा अभ्यास घ्या. ‘बखर’ हा शब्दच ‘खबर’वरून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. फडणीस म्हणजे फर्दनवीस. चिटणीस तर अर्धा इथला, अर्धा फार्सी. अर्ज, तारीख, हजर, जमा, खर्च हे शब्द उर्दू शाळेतल्या मुलाला घरूनच येत असतात. तरी मराठीचा तास त्याला परक्या घरी जेवायला बसल्यासारखा वाटतो. (पाठ्यपुस्तकही त्याला हे कधी सांगत नाही, ती वेगळी तक्रार.) बखरींचा हा अभ्यास फार्सी आणि मराठी दोन्ही बाजू कळल्याशिवाय होत नाही. मग इथे ‘असूनही’ कुठे बसते? उर्दू-फार्सीची ओळख मराठीच्या अभ्यासात भांडवल ठरते, हे पठाणांच्या कामाने दाखवले. माझ्या दृष्टीने त्यांच्या पदापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

मात्र त्यांची समन्वयाची भूमिका संतांच्या काळापुरती मला पटते. माझे विद्यार्थी ज्या मोहल्ल्यात राहतात तिथली बोली, तिथले दारिद्र्य, तिथली भीती या लेखनात येत नाही. त्याच १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. एक मुस्लिम अभ्यासक अखिल भारतीय संमेलनाचा अध्यक्ष होतो आणि त्याच वर्षी इतरांना वेगळे व्यासपीठ उभारावेसे वाटते. मी वाचलेल्या गौरवलेखांत या दोन संमेलनांचा उल्लेख कधी शेजारी आला नाही. एकाला खुर्ची मिळाली म्हणून सगळ्यांना दाद मिळाली, असे समजणे सोयीचे असते. सोलापुरात जमलेल्यांनी ते समजून घेतले नाही, हे बरेच झाले.

पठाणांवर पुढचा लेख लिहिणाऱ्याने आधी ते बखरींवरचे काम वाचावे. उर्दू शाळांत मराठी शिकवणाऱ्यांना तर ते थेट वर्गात उपयोगी पडेल.