प्रेम, आजार आणि सिकलसेलचं कार्ड

किशोरवयातलं प्रेम आणि गंभीर आजार यांवरची गाजलेली कादंबरी म्हणजे जॉन ग्रीन यांची २०१२ची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. हेझलसोबत कायम ऑक्सिजनचं नळकांडं, ऑगस्टसचा पाय कापलेला. आम्हाला ती आवडते, कारण तिथली मुलं बिचारी नाहीत. चिडतात, थट्टा करतात. २०२० मध्ये 'दिल बेचारा' या हिंदी सिनेमातून हीच गोष्ट जमशेदपूरला आली. पण दोन्हीकडे आजाराचं काम एकच: दिवस कमी करायचे, म्हणजे प्रेम मोठं दिसतं.

आता ही गोष्ट गडचिरोली-चंद्रपुरात आणून बघू. इथं ओळखीचा आजार सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे असह्य दुखतात. आणि हा दोष आईबाप दोघांकडून येतो. म्हणजे आजार प्रेमाबाहेर थांबत नाही, थेट लग्नाच्या प्रश्नात शिरतो.

गंमत बघा. सिकलसेलची रुग्ण मुलगी आणि तपासणीत असा कुठलाच दोष नसलेला मुलगा, यांची मुलं वाहक होतील, पण सिकलसेलची रुग्ण होणार नाहीत. तिच्या बाळंतपणातली जोखीम आहेच, ती वेगळी. उलट पोट्टा-पोट्टी दोघं वाहक असतील, अगदी धडधाकट, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. गाव मात्र 'आजारी पोर' म्हणून बाजूला बसवतं ते पहिलीला. इथं ग्रीन यांची मांडणीच उलटी होते. नायक-नायिकेच्या अंगावर आजार दिसत नाही, दोघांपैकी कुणी मरत नाही, तरी ताण सुटत नाही.

अशी कादंबरी लिहिताना दोन चुका सहज होतील. एक, तपासणीच्या कागदालाच खलनायक करणं. दुसरी, आरोग्यखात्याचं पोस्टर लिहिणं: अशा मुलाच्या प्रेमात पडू नका. पोरं पोस्टर वाचून प्रेमात पडत नसतात, हो ना? डॉ. राणी बंग यांच्या 'तारुण्यभान'नं गडचिरोलीतच दाखवलं, की पोरापोरींशी शरीराबद्दल, प्रेमाबद्दल उघड बोलता येतं. लेखकाला तेवढा मोकळेपणा हवा.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचं लक्ष्य २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचं आहे. तपासणी होईल, कार्डही मिळेल. पण सतरा वर्षांच्या मुलीनं ते कार्ड मित्रापुढं कधी ठेवायचं, आणि त्याचं विचारायचं कसं? हे सरकारी पत्रकात नसतं. ते कादंबरीत हवं. आम्ही त्या कादंबरीची वाट बघतोय.